डालग्याखालची करडं

मंदिरापुढे अख्खी वस्ती गोळा झाली होती. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला आणि करडांनी खेळणंच सोडलं. उड्या नाहीत, टकरी नाहीत, एकाजवळ दुसरं जाईना. शेळ्या चरून आल्या तरी ती लुचायला धावत नव्हती.

मुंजाजी महाराजांनी डोळे मिटले. "करनी हाय. जिची करडं खेळत्यात, तिनंच तुमची बांधली."

खेळत होती फक्त बायनाबाईची. नवरा गेल्यावर दीर आश्रुबाने तिला घराबाहेर काढलं, तेव्हापासून ती दूर माळावर खोपटात राहायची. शहाण्या लोकांना एवढा पुरावा पुरला. तिचं पाणी बंद झालं आणि पौर्णिमेला तिला गावातून हाकलायचं ठरलं.

महाराजांचा उपाय लागू पडायचा, हे मलाही दिसत होतं. डोंगरावरच्या त्यांच्या मठात ठेवून अंगारा लावला की करडं बागडायची. खाली आणली की पुन्हा गप्प. "बाई परत बांधती," महाराज म्हणायचे. गुण आला तर कृपा त्यांची, नाही आला तर दोष बायनाबाईचा. असा धंदा बुडणार कसा?

मी अंबाजोगाईहून माझ्या भाचीला, जनावरांच्या डॉक्टर योगिताला बोलावलं. तिने आश्रुबाला विचारलं, "दिवसभर कुठं असतात ही करडं?"

"डालग्याखाली झाकून, रस्त्याकडंच्या वळचणीला. शेळ्या जात्यात डोंगराला."

रस्त्यावर उसाच्या ट्रक-ट्रॅक्टरची रांग होती, इंजिनं चालूच. योगिताने त्या पालथ्या टोपलीवरून बोट फिरवलं. ते काळं झालं.

"उंदरांच्या पिल्लांवर प्रयोग झालेत. गाड्यांच्या धुरात वाढली की ती एकमेकांत मिसळत नाहीत. इथंही तसंच असेल. तपासून बघू."

निम्मी करडं अंगारा लावून रस्त्याकडेलाच ठेवली. निम्मी अंगाऱ्याविना बायनाबाईच्या माळावर.

आठवड्यात माळावरची टकरी घेऊ लागली. अंगाऱ्याची जागची हलली नाहीत. महाराज म्हणाले, अंगारा शिळा होता.

पौर्णिमेला कुणी हाकलायला गेलं नाही. मी माळावर करडं बघत होतो, तेव्हा आश्रुबा तेवढा आला. "वैनी, हंगाम सरंपर्यंत करडं राहू द्या हितंच."

"राहू द्या, भावजी. पन चेटकीन म्हनलात ते समद्या गावासमोर. मंग चेटकीन न्हाई, ह्ये मान्य कराया एकलेच का आलात?"

आश्रुबा करडं मोजू लागला. तो सवाल मलाही होता, कारण मंदिरापुढे मीही गप्पच बसलो होतो. तपासायला एक आठवडा पुरला. लोकहो, पुढच्या वेळी कुणी महाराज एखाद्या बाईकडे बोट दाखवेल, तेव्हा तिला तो आठवडा आधी द्या.