मुद्दाम

घरातलं दुखणं औषधानंही हटलं नाही, तर घरच्या मोठ्यानं शिवेवरच्या देवाला झापायचं, ही झामसिंगच्या गोंड वस्तीतली जुनी रीत. दवाखान्यात सुया टोचूनही नात दिव्याचा ताप उतरेना, तेव्हा तो शिवेवर साजाच्या झाडाखालच्या देवाच्या दगडापुढे उभा राहिला आणि त्यानं तोंडाचा पट्टा सोडला.

"तूनं कोंबडा खाल्ला, मोहाची दारू पेला, अन् आता झोपून राहिला? पोरगी मरून राहिली, दिसत नाही तुले? आंधळा झाला का बे, हरामखोरा?"

शेजारच्या टिंकूनं गंमत म्हणून ते मोबाइलवर टिपलं आणि पुढे ढकललं. कोहमाऱ्याच्या ढाब्यांवरून ते गोंदियाच्या दुर्गाप्रसाद नावाच्या दुकानदारापर्यंत पोचलं. हा देव कोणता, हेही त्या शहाण्याला ठाऊक नव्हतं; भावना मात्र त्याच्याच दुखावल्या. दुसऱ्याच्या घरच्या भांडणात आपलं डोकं फोडून घेणारी माणसं हल्ली फार झालीत. त्यानं तक्रार ठोकली.

ठाण्यात साहेबानं विचारलं, "देवाला शिव्या मुद्दाम दिल्यास?"

साहेब तसा वाईट नव्हता. 'चुकून' म्हटलं असतं, तर दम देऊन सोडलं असतं. कायद्याचा सगळा जीव त्या एका शब्दात होता.

"मुद्दामच, साहेब," झामसिंग छाती काढून म्हणाला. "चुकून कोनी देवाले रागावते का? आपला हाय म्हनून तं रागावलो."

साहेबानं कपाळाला हात लावला आणि 'मुद्दाम' लिहून घेतलं.

झामसिंग जामिनावर सुटला, तेव्हा त्याचा आवाज पार बसला होता. आत त्याला उठता-बसता हात जोडायला शिकवलं होतं. घरी दिव्या आता डोळेही उघडत नव्हती. डॉक्टरांनी हात टेकले होते.

"तुमीच जा," बायको फुलवंता म्हणाली. "चांगलं झाडा त्याले. तुमचंच आयकते तो."

तीही मागोमाग गेली. साजाखाली बघे जमले होते, दोघातिघांच्या हातांत मोबाइल. झामसिंगनं ते पाहिलं. त्यानं चप्पल काढली आणि ठाण्यात जोडले होते तसेच हात जोडले.

"देवा," मान खाली घालून तो म्हणाला, "तुमी... तुमाले जमन तं पाहा जी."

फुलवंतानं त्याचे जोडलेले हात ओढून सोडवले.

"त्याले 'तुमी' कायले म्हनता?" तिनं हंबरडा फोडला. "तो का ठानेदार होय? परक्यावानी बोलल्यावर तो आपल्या पोरीले काऊन वाचवन?"