लॅमिनेशन केलेलं तिकीट

माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. वीस वर्षं गिऱ्हाइकांना एकच वाक्य ऐकवत आलो, "पाणी लागणार नाही, फाटणार नाही, बिनघोर राहा." मार्कशीट, लग्नाचे दाखले, गेलेल्या माणसांचे फोटो, जे हाती लागेल ते मी प्लास्टिकमध्ये घातलं. आमची ठमी म्हणायची, "बाबा, झोपलात की तुम्हालाच मशीनमधून काढते."

ठमी लग्न होऊन परदेशात गेली. तिथं तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, मंगळवारी सकाळी. एरवी कुणाच्या बापाला न घाबरणारी पोरगी फोनवर रडली. "मला आत नेतील तेव्हा आई दिसायला हवी. बाकी काही नको." व्हिसा आमच्या हिचा एकटीचाच झाला. रविवारचं विमान गाठलं तर ही सोमवारी पोचत होती.

तिकिटाच्या एजंटानं विचारलं, "काका, ई-तिकीट काढू की कागदी? ई-तिकीट नवीन निघालंय, पण सोपं आहे. नुसता नंबर सांगायचा आणि पासपोर्ट दाखवायचा. हरवायचा प्रश्नच नाही."

"अहो, विमान हवेत, आता तिकीटही हवेतच? हातात धरता येईल असं द्या."

ठमीनंही फोनवर ई-तिकीटच सांगितलं. ही म्हणाली, "पोरगी म्हणतेय तसं करा की." मी हिच्यावरच खेकसलो. सगळा जन्म कागदात गेला माझा आणि मला कागदाचं शिकवता?

तिकीट शनिवारी संध्याकाळी मिळालं. पातळसं पुस्तक, आत जाण्याचं एक पान, येण्याचं एक, पानांच्या मागे लाल कार्बन. हिच्या पर्समध्ये पाण्याची बाटली हमखास सांडते. मी मशीन तापवलं, जाड प्लास्टिक घेतलं, पुस्तक आहे तसंच आत घालून दोनदा फिरवलं. काम असं झालं की माझं मलाच कौतुक वाटलं. हिच्या हातात देत म्हणालो, "आता खुशाल पाण्यात टाक."

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं ते उलटंपालटं करून पाहिलं. "काका, हे काय केलंत? यातलं जायचं पान मला फाडून घ्यावं लागतं. त्याशिवाय यांना विमानात सोडता येत नाही."

तिनं बिचारीनं कात्री दिली. मी कडा कापल्या. आत पानं एकमेकांना चिकटली होती, कार्बन अक्षरांवर पसरला होता. मी नखांनी सोलत बसलो आणि ही शेजारी उभी राहून "जपून हो, जपून" म्हणत राहिली. त्यांचा साहेब आला. नवीन तिकीट शहरातल्या ऑफिसातून आणा म्हणाला, आणि रविवारी ऑफिस बंद. मी आरडाओरडा केला, मग हात जोडले, मग सगळ्यांसमोर त्याचे पाय धरले. विमान गेलं. सोमवारचं, मंगळवारचं भरलेलं होतं.

मंगळवारी दुपारी जावयाचा फोन आला. ठमी ऑपरेशनच्या टेबलावरच गेली.

बुधवारी ही गेली, ई-तिकिटावर. कागदाचा कपटासुद्धा लागला नाही. कुणी अडवलं नाही.

ही परत आली. महिनाभर मी वाट बघत होतो, शिव्या देईल, निदान भांडी तरी आपटेल. एकदा जेवताना मान वर न करता म्हणाली, "आत नेताना तिनं विचारलं होतं, आई आली का? जावई म्हणाले, आल्यात, बाहेर बसल्यात. मग ती दाराकडेच बघत राहिली म्हणे."

ही ताटावरून उठली आणि कपाटातून ठमीच्या मृत्यूचा दाखला काढून आणला. चार घड्या घातलेला, उघडून उघडून घड्यांवर विरलेला. इतक्या वर्षांची सवय, माझा हात आपोआप पुढं गेला.

तिनं तो छातीशी धरला. "याला हात लावू नका," म्हणाली. "फाटू दे."