कोर्सची मान्यता

"मान्यता कॉलेजला हाय का कोर्सला?" रश्मीने तिसऱ्यांदा विचारले.

बारामतीतल्या त्या कॉलेजच्या प्रवेशखिडकीत बसलेल्या बाई वैतागल्या. "अगं, कॉलेजला आहे म्हणजे कोर्सला आलीच की."

"मग कोर्सचं पत्र दाखवा. बी.एस्सी., पर्यावरणीय आरोग्य. तेच नाव आन् यंदाचं साल असलेलं."

"प्रस्ताव गेलाय वर. येईल दिवाळीपर्यंत."

रश्मीने धाकट्या साक्षीचा हात धरला आणि ती खिडकीपासून बाजूला झाली. पाच वर्षांपूर्वी अशाच एका खिडकीत तिच्या वडिलांनी विचारले होते, "मान्यता हाय ना?" आतून उत्तर आले होते, "आहे की." तेवढ्या दोन शब्दांवर आबा पेढे घेऊन घरी आले होते.

आबा म्हणजे रविंद्र, वरकुट्याच्या ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक. टाकीत औषधाची पावडर टाकायची आणि तालुक्याचे आरोग्य निरीक्षक आले की त्यांच्यापुढे पाण्याची बाटली धरून उभे राहायचे, ही त्यांची नोकरी. साहेब नळीतल्या पाण्यात तपासणीच्या द्रावणाचा एक थेंब सोडत, पावडर पोचल्याची खूण म्हणून पाणी पिवळे झाले की मान डोलवत. त्या मानेवर आबांचा आठवडा अवलंबून असे. आपली पोरगी साहेबांच्या जागी उभी राहावी आणि बाटली दुसऱ्या कुणीतरी धरावी, एवढेच त्यांचे स्वप्न होते. आणि त्यांचा हिशोबही सरळ होता. पंचायत सरकारी, म्हणून टाकी सरकारी, म्हणून टाकीवर चढणारे आपणही सरकारी. तसेच कॉलेज मान्यतेचे, म्हणजे त्यातला कोर्सही मान्यतेचा. बिचाऱ्यांना पंचायतीने मानधनापलीकडे कधी काही दिले नव्हते, तरी हिशोब चुकतोय हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

रश्मी प्रथम श्रेणीत पास झाली. निरीक्षकाच्या भरतीत तिचे नाव लागले. कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर मात्र अधिकाऱ्यांनी यादीवरून बोट फिरवले, पुन्हा फिरवले आणि फाईल परत दिली. "कॉलेज यादीत आहे. हा कोर्स नाही." तीन वर्षे अशी एका वाक्यात पाण्यात गेली. आता ती लासुर्ण्याला पाण्याचे जार भरणाऱ्या कारखान्यात होती. पाणी तपासायला शिकलेली पोरगी, तिथे कुणीही न तपासलेल्या पाण्याच्या जारवर 'शुद्ध' असे स्टिकर चिकटवत होती. तिला याची लाज वाटे, रोज वाटे.

आबा फाटकाबाहेर उभे होते. ते आत आलेच नव्हते.

"काय म्हणल्या?"

"न्हाय जमत हितं. इंदापूरला जाऊ. आज शेवटची तारीख हाय."

तिघे एसटीत बसले. साक्षी म्हणाली, "ताई, दुसरं कायतरी शिकते की मी. नर्सिंग घेते."

"तुला हेच पायजे ना?"

"पायजे. पण तुझं बघून..."

"माझं बघूनच तर विचारत फिरतीय," रश्मी म्हणाली.

इंदापूरच्या कॉलेजातला कारकून वयस्कर होता. त्याने प्रश्न ऐकला, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले आणि कपाटातून पत्र काढून पुढे ठेवले. कोर्सचे नाव होते. साल होते. रश्मीने ते पत्र वरपासून खालपर्यंत वाचले, मग जावक क्रमांकसुद्धा वाचला. तिला एकाएकी रडू येईलसे वाटले.

"सर, एखादीनं हाच कोर्स मान्यता नसलेल्या ठिकाणी केला असला, तर?"

"तो धरत नाहीत, बाई. पहिल्या वर्षापासून बसायचं. दोन जागा शिल्लक आहेत."

साक्षीने तिचा दंड घट्ट धरला. "ताई, दोन हायेत. आपण दोघी..."

आबांच्या मानधनाखेरीज घरात एक पगार तरी यायला हवा होता, हे रश्मीला ठाऊक होते आणि साक्षीलाही. "फॉर्म एकच द्या," ती म्हणाली.

आवारातल्या कट्ट्यावर बसून साक्षीने फॉर्म भरला. पालकाच्या सहीची जागा आली तशी रश्मीने पेन आबांपुढे धरले. आबांनी हात मागे घेतला.

"माझी सही नको, पोरी. माझ्या हाताला गुण न्हाय. एकीचं वाटोळं केलं, तेवढं बास झालं."

"आबा, तुमी काय मुद्दाम केलं व्हय?"

"मुद्दाम न्हाय केलं म्हणून तुझी सालं परत येत्यात का? तूच कर सही. तुला विचारता येतं. मला न्हाय आलं."

ते वाद घालायच्या आवाजात बोलत नव्हते. रश्मी आत जाऊन विचारून आली. मोठी बहीण चालेल, कारकून म्हणाला. तिने पालकाच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले. नाते, बहीण. व्यवसाय, कामगार. त्याखाली होते, पालकाचे शिक्षण. तिथे तिचे पेन जरा थांबले. मग तिने लिहिले, 'बारावी'.

आबा शेजारून वाचत होते.

"बारावी का गं? बी.एस्सी. हायेस की तू. फस्ट क्लास."

"खालची ओळ वाचा, आबा."

आबांनी फॉर्म हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि एकेक शब्द सुटा करत मोठ्याने वाचले, "खोटी माहिती दिल्यास प्रवेश रद्द होईल."

साक्षी दुसरीकडे बघत राहिली. आबांनी फॉर्म मांडीवर ठेवून त्याचा दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला, बराच वेळ केला.

"जा, देऊन ये," ते म्हणाले. "खिडकी बंद करत्याल."