एक लांब, दोन आखूड

मी शिट्टी. पितळेची, पोटात बुचाचा एक मणी असलेली, आणि आवाजाच्या बाबतीत कुणाचं काही ऐकून न घेणारी. आता वाजत नाही, म्हणून बोलतेय. वाजत होते तेव्हा तोंड उघडलं की लोकांच्या कानठळ्या बसायच्या, माझं म्हणणं कोण ऐकणार होतं?

दिलीप कॉलेजात असताना त्याने मला पुण्यातल्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानातून घेतलं. दुकानातच त्याने मला फुंकलं आणि बाहेर रस्त्यावर एक रिक्षावाला दचकून थांबला. तेवढ्यावर माझी निवड झाली. पुढची सात वर्षं मी सह्याद्रीत हिंडले. दिलीप रांगेत सगळ्यात शेवटी चालायचा, आणि शेवटच्या गड्याच्या गळ्यात शिट्टी असायची, ही त्यांच्या ग्रुपची पद्धत.

आमची भाषा साधी होती. एक लांब म्हणजे माझ्याकडे या. दोन आखूड म्हणजे आहात तिथेच थांबा, हलू नका. तीन म्हणजे मदत हवी. एकदा धुक्यात वाट चुकलेल्या पाच जणांना मी कड्याच्या काठावरून परत आणलं. खाली गावात चहा पिताना सगळे दिलीपची पाठ थोपटत होते. मला कुणी विचारलं नाही. असो.

मग त्याला म्हैसूरची नोकरी लागली, जानकीशी लग्न झालं, तिथेच हिनकलला फ्लॅट झाला. मी ड्रॉवरमध्ये गेले. संपलेले सेल, कसल्यातरी किल्ल्या आणि मी. नऊ वर्षं. तो ड्रॉवर उघडायचा, हात घालायचा, कात्री घेऊन जायचा. माझ्यावरून बोट फिरायचं पण उचलायचा नाही. रडायला डोळे नव्हते, नाहीतर रडलेच असते.

ईश्वरीने मला शोधून काढलं. ईश्वरी म्हणजे दिलीप-जानकीची मुलगी, तेव्हा आठ वर्षांची. सोसायटीच्या बागेत दिलीपने तिला माझी भाषा शिकवली. ही पोरगी घरात कुणाला जुमानत नसे. जानकी चार हाका मारून दमायची. पण माझा एक लांब सूर ऐकला की हातातलं टाकून पळत यायची, आणि दोन आखूड ऐकले की एक पाय उचललेला तसाच ठेवून उभी राहायची. मला केवढा गर्व झाला होता म्हणून सांगू.

गेल्या फेब्रुवारीत दिलीपने तिला जंगल दाखवायचं ठरवलं. जानकीला ऑफिसचं काम होतं, ती घरी राहिली. हे दोघे सकाळी निघाले. येलवाल मागे पडलं, हुणसूर मागे पडलं, आणि एका राखीव जंगलाच्या फाटकाशी गाडी थांबली. तिथे पायवाटेने फिरायचं तर वनखात्याचा माणूस बरोबर घ्यावाच लागतो. आमच्या वाट्याला अप्पाराव आले.

अप्पाराव साठीचे, सुकलेले, कमी बोलणारे. म्हैसुरातल्या जुन्या मराठी रंगाऱ्यांच्या घरातले, त्यामुळे मराठी बोलायचे, पण त्यात निम्मं कानडी. फाटकाशीच त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ते गळ्यातलं काढून गाडीत ठेवा, साहेब. आनेला चालत नाही."

आने म्हणजे हत्ती. दिलीप म्हणाला, "वाजवणार नाही हो. सवय आहे, बरोबर असली की बरं वाटतं." आणि मला शर्टाच्या आत सरकवलं. अप्पारावांनी मान हलवली, पण साहेबांशी वाद घातला नाही. मी आतल्या आत धुमसत होते. मी चालत नाही म्हणजे काय? कड्यावरून माणसं आणलीत मी.

वाट छान होती. अप्पाराव झाडं दाखवत चालले. घाणेरीच्या जाळ्या आल्या की तोंड वाकडं करायचे. "ही बाहेरची. आली आणि घर बळकावून बसली. हिच्यामागं काय उभं हाय ते दिसत नाही, अल्वा? होय ना?" मग एका झाडाशी थांबले. शेंदरीचं झाड, फळांवर लाल भुकटी. त्यांनी पडलेलं एक फळ ईश्वरीच्या तळहातावर चोळलं. हात केशरी झाला.

"माझे आजोबा ह्याच्यात रेशीम रंगवायचे," ते म्हणाले. "आता बघायचं फक्त. जंगलातलं एक पानपण घरी न्यायचं नाही. त्याच्यावर कुणीतरी जगतंय."

ईश्वरीने मान डोलावली. पण त्याआधीच तिने मूठभर फळं खिशात टाकली होती. हे मला नंतर कळलं.

वाट ओढ्यात उतरली, बांबूच्या बेटाला वळसा घालून पलीकडच्या चढावर आली. दिलीप आणि अप्पाराव वर पोचले, पाणी प्यायला थांबले. दिलीपने बाटली ईश्वरीला द्यायला हात मागे केला. हात तसाच राहिला. ईश्वरी मागे नव्हती.

शेवटचा गडी कधी पुढे चालत नाही. त्या दिवशी तो झाडांच्या गप्पांत रंगून पुढे गेला होता.

 त्याने इकडे तिकडे पाहिलं नाही, काही विचारलं नाही. नऊ वर्षं ड्रॉवरमध्ये ठेवूनही हाताची सवय गेली नव्हती. मला बाहेर ओढलं आणि फुंकलं. एक लांब.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पूर्ण ताकदीने वाजले. अप्पारावांनी झडप घालून मला मुठीत धरलं तोवर माझं वाजून झालं होतं.

खाली बांबूचं बेट हललं. कडाड करून एक बांबू मोडला आणि हत्तीण वाटेवर आली. तिच्या पोटाखाली पिल्लू. तिचे कान पसरलेले, तोंड आमच्याकडे. आम्ही तिच्या वासाच्या अंतरावरून गेलो होतो आणि तिने आम्हाला मुकाट जाऊ दिलं होतं. आता मी तिला ललकारलं होतं.

आणि तिच्या मागे, पलीकडच्या उतारावर, पिवळी टोपी दिसली. ईश्वरी शेंदरीच्या झाडाकडून पळत येत होती. शिकवलं होतं तशी. आम्हाला वरून दोघी दिसत होत्या. तिला मधल्या बांबूमुळे काहीच दिसत नव्हतं.

मी बोलावलं होतं तिला.

दिलीपने हाक मारायला तोंड उघडलं. अप्पारावांनी त्याचा दंड दाबला. "बेडा, साहेब, नको. तुमचा आवाज ऐकला तर आणखी जोरात येईल पोरगी."

"तिला दोन आखूड कळतात. ती थांबेल."

"आणि आने? मरी हाय तिच्याजवळ, पिल्लू. आता फुंकाल तर ती सरळ इकडं येईल."

दिलीपने त्यांच्या मुठीतून मला सोडवून घेतलं. "इकडेच येऊ दे," तो म्हणाला.

अप्पारावांनी एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. मग एका जाड सागाकडे बोट केलं. "फुंकलं की त्याच्या मागं. सरळ पळायचं नाही."

पिवळी टोपी वाटेच्या निम्म्यावर आली होती. दिलीपने मला ओठांत धरलं आणि फुंकलं. मी वाजले नाही. त्याच्या तोंडाला कोरड पडली होती, ओठ माझ्यावर नीट मिटलेच नाहीत, नुसती हवा बाजूने निसटली. माझ्या आयुष्यात मी इतकी कधी लाजले नव्हते. टोपी आणखी दहा पावलं पुढे आली. त्याने ओठांवरून जीभ फिरवली, डोळे मिटले आणि पुन्हा फुंकलं.

दोन आखूड.

पिवळी टोपी थांबली. जागच्या जागी.

हत्तीण निघाली. तेवढ्या मोठ्या अंगाला इतका कमी आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. दिलीप सागाकडे धावला, माझी दोरी काटेरी फांदीत अडकली, तुटली आणि मी वाटेवर पडले. मग सगळीकडे धूळ. ती माझ्यापाशी येऊन थांबली. सोंडेचं ओलं टोक माझ्यावरून फिरलं, हुंगलं. दहा पावलांवर सागामागे दोन माणसं श्वास धरून उभी होती. मग तिने माझ्यावर पाय ठेवला. मुद्दाम की सहज, मला सांगता येणार नाही. मी मातीत रुतले, माझं पोट चेपलं, आतला मणी कायमचा अडकला.

खाली पिल्लू चिरकलं. तशी ती वळली, त्याला घेऊन ओढ्याने खालच्या बाजूला निघून गेली.

अप्पाराव अर्धा तास कुणाला हलू देईनात. मग दिलीपने मला मातीतून उकरून खिशात टाकलं आणि लांबचा वळसा घालून ते दोघे ईश्वरीपर्यंत पोचले. पोरगी तिथेच उभी होती. बसलीसुद्धा नव्हती. तिला हत्तीण दिसलीच नव्हती, फक्त बांबू मोडल्याचा आवाज आला होता. दिलीपने तिला जवळ घेतलं तर ती रुसूनच म्हणाली, "बाबा, पुढची शिट्टी का नाही दिलीत? माझे पाय दुखले."

दिलीप खाली बसला आणि रडला. अप्पाराव तोंड फिरवून बाटलीचं झाकण लावत राहिले.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मागे का गेलीस?" तिने दोन्ही तळहात पुढे केले. केशरी. "फळं परत ठेवायला. अप्पाराव आजोबा म्हणाले ना, न्यायची नाहीत."

घरी जानकीने सगळं ऐकलं, मला उचललं आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघाली. मी तिला दोष देत नाही. ईश्वरीने मला तिच्या हातातून काढून घेतलं.

यंदा ते तिघं त्याच जंगलात गेले. मी ईश्वरीच्या गळ्यात. फाटकाशी अप्पारावांनी मला हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, तोंडाला लावून फुंकलं. नुसती हवा. "आता चालेल," ते म्हणाले आणि मला परत दिलं. ईश्वरी पुढे, दिलीप सगळ्यात शेवटी.

शेंदरीच्या झाडाखाली ईश्वरी थांबली, खाली वाकून फळं बघत बसली, खिशात काही घातलं नाही.

तुम्हीही जंगलात जा. जरूर जा. तिथे तुमचं माणूस दिसेनासं झालं तर काळजाचं पाणी होतं, मला ठाऊक आहे. तरी हाक मारण्याआधी एकदा बघा, तुमच्या दोघांच्या मध्ये कोण उभं आहे. मी बघितलं नव्हतं.