मी रायसाहेब, बटाटे चेपणारा

नमस्कार मंडळी, मी रायसाहेब बोलतोय. नाव ऐकून लगेच पगडी आणि पिळदार मिशा डोळ्यांसमोर आणू नका. मी एक लोखंडी यंत्र आहे. खाली भोकं पाडलेला एक डबा, त्यात बसणारी जाड तबकडी आणि दोन लांब दांडे, बस्स. डब्यात उकडलेला बटाटा घालायचा, दांडे आवळायचे, की खालून मऊसूत, मोकळा कीस पडतो. एवढंच माझं काम. पण या कामापायी मी बंगला पाहिला, चाळ पाहिली आणि पोलीस चौकीसुद्धा पाहिली.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या कारखान्यातली मला फक्त ठोकाठोक आठवते. एका मडमेच्या ट्रंकेत बसून, बोटीवर हेलकावे खात मी मुंबईला आलो आणि मलबार हिलवरच्या बंगल्यात राहू लागलो. तिथला खानसामा म्हणजे धोंडू. मूळचा मालवणकडचा, राहायला काळाचौकीला. साहेबाला रोज रात्री बटाट्याचा लगदा लागायचा. त्यात ना मिरची, ना कोथिंबीर, ना फोडणी. दूध, लोणी आणि चिमूटभर मीठ. धोंडू दांडे आवळताना पुटपुटायचा, "काय पाप केलं असशील रे बटाट्या, की हा साहेब तुझ्या नशिबी आला!"

पुढे साहेब कायमचा मायदेशी निघाला. जाताना त्याने नोकरांना भेटी वाटल्या. ड्रायव्हरला घड्याळ मिळालं, आयाला शिवणयंत्र मिळालं. धोंडूची पाळी आली तेव्हा साहेबाचे डोळे भरून आले. त्याने मला दोन्ही हातांनी उचललं आणि धोंडूच्या हातात दिलं. "रायसर," तो एवढंच म्हणाला. त्याच्या भाषेत ते माझं नाव. धोंडूचेही डोळे भरले, पण वेगळ्या कारणाने.

कारण इकडे चाळीत त्याच्या बायकोने, कमलने, आधीच सगळ्या मजल्याला सांगून टाकलं होतं, "साहेब आमच्या ह्यांना रेडिओ देणार." धोंडू घरी पोचला तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजाऱ्यांनी रेडिओसाठी फळीसुद्धा ठोकून ठेवली होती. धोंडूने कागद सोडला. सगळे माझ्याकडे बघत राहिले.

"वाजतो कुठून?" एकाने विचारलं.

"रेडिओ नाही तो," धोंडू खाली मान घालून म्हणाला. "रायसर हाय."

"रायसाहेब?" दाराशी उभ्या असलेल्या आजोबांना कमी ऐकू यायचं. "बरं, बरं. बसा म्हणावं त्यांना."

अशा रीतीने माझं बारसं झालं.

धोंडूची आई बकुळाआजी. तोंडात दात एकही नाही, पण जिभेला मालवणी धार. तिने मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "मेल्या, उंदरांचो सापळो कित्याक हाडलंस? आपल्याकडे मांजर आसा ना!"

मग माझे हाल सुरू झाले. रेडिओसाठी ठोकलेल्या फळीवर मला बसवलं, आणि ज्याला जे सुचेल ते तो माझ्याकडून करून घेऊ लागला. माझ्यात लिंबं पिळली. सुपारी फोडली. माझ्या दांड्यांत धरून कुर्ल्यांच्या नांग्या फोडल्या. विलायतेत जन्मलेल्या माणसाने, माफ करा, यंत्राने, खेकड्याच्या नांगीशी कुस्ती खेळावी! एकदा तर कुणीतरी ओले मोजे माझ्यात घालून पिळले. त्या दिवशी मला मडमेची फार आठवण आली.

धोंडूला हे बघवेना. एका रविवारी त्याने बटाटे उकडले आणि साहेबी थाटात लगदा केला. दूध घातलं, लोणी घातलं. वाटी आजीपुढे ठेवली. आजीने एक घास घेतला आणि घाबरून विचारलं, "कोण आजारी आसा?"

कमल मात्र बाजूला बसून ताटातला उरलेला कोरा कीस बोटांत चोळून पाहत होती. तिने ते ताट ओढलं, कढल्यात तेल तापवलं, मोहरी, हिंग, हळद, आलं, मिरची घातली, वर लिंबू पिळलं आणि बेसनात बुडवून त्याचे वडे तळले. पहिला वडा आजीला दिला. आजीने तो हिरड्यांत धरला आणि तो विरघळला.  आजीने फक्त हात पुढे केला, दुसऱ्या वड्यासाठी.

पण चाळ म्हटली की दोन पक्ष आलेच. शेजारचा दगडू गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होता आणि वड्यांतलं आपल्यालाच कळतं असं त्याचं मत होतं. त्याने वडा खाल्ला आणि जाहीर केलं, "ह्यात मजा नाही. बटाट्याची फोड दाताखाली आली पाहिजे."

"ज्याला दात आसत, त्यान काय ता बोलूचा!" आतून आजी ओरडली.

झालं. मजल्यावर फोडवाले आणि मऊवाले असे दोन तट पडले. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. रस्त्यावर मोर्चे, भिंतींवर घोषणा, लहान पोरंसुद्धा गोट्या खेळताना 'झालाच पाहिजे' म्हणत. तेव्हा मऊवाल्यांनीही एक घोषणा काढली आणि जिन्यात उभं राहून दिली: "कांद्यासह संयुक्त बटाटा झालाच पाहिजे!" फोडवाल्यांनी काळी निशाणं दाखवली. म्हणजे दगडूने आपली काळी छत्री उघडली. मी फळीवरून सगळं पाहत होतो आणि छाती, म्हणजे तबकडी, फुगवून बसलो होतो. विलायतेत माझ्यावरून कधी कुणी भांडलं नव्हतं.

आता राधाबाईची गोष्ट सांगायला हवी. राधाबाई नायगावच्या बीडीडी चाळीत राहायची. कमल आणि ती एकाच गिरणीत, एकाच बाकावर काम करायच्या. राधाबाईचं कुटुंब नुकतंच बौद्ध झालं होतं. तिच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्या बोलण्यात आता एक नवा ठाशीवपणा आला होता. गिरणीत दोघी एकाच डब्यातून जेवत. घरी आजीला ते माहीत नव्हतं.

शिवाजी पार्कवर मोठी सभा ठरली. राधाबाईचा नवरा भिवा स्वयंसेवकांच्या खाण्याची व्यवस्था बघत होता. त्याने नायगावला बटाट्यांची पोती आणून टाकली. राधाबाई कमलला म्हणाली, "एवढे बटाटे हातानं कुस्करायचे म्हणजे खांदे निखळतील गं. तुझे रायसाहेब घेऊन ये की."

आदल्या दिवशी कमल मला पिशवीत घालून निघाली तेव्हा आजीने उंबऱ्यात तिला अडवलं. "जा तू. पण थंय पाणीसुदा पिव नको. कळला?"

कमलने मान हलवली. हो की नाही, ते त्या मानेलाच ठाऊक.

सभेच्या धास्तीने शहरात कडक बंदोबस्त होता. नाक्या-नाक्यावर पोलीस. नायगावच्या अलीकडे एका हवालदाराने कमलला थांबवलं. त्याचं नाव रामदास. अंगाने आडवा, चेहऱ्याने घाबरट.

"पिशवीत काय आहे?"

"यंत्र."

"कसलं यंत्र?"

"चेपायचं."

"छापायचं?" रामदास हवालदाराने कान टवकारले. तेव्हा चोरून पत्रकं छापणाऱ्यांवर सरकारचा डोळा होता. "काय छापता?"

"छापत नाय, चेपते! बटाटे!"

"बटाटे छापता? कुणाचं यंत्र हे?"

"आमच्या रायसाहेबांना ओळखत नाय तुम्ही?" कमल वैतागून म्हणाली.

तिथेच सगळं बिघडलं. "कोण रायसाहेब? कुठल्या पक्षाचे? राहतात कुठे?"

"आमच्या फळीवर!"

हवालदाराने आम्हा दोघांना सरळ चौकीत नेलं. टेबलावर मला ठेवलं आणि सगळे दूर सरकले. फौजदारसाहेब सकाळपासून बंदोबस्तावर होते, पोटात अन्नाचा कण नव्हता, त्यामुळे आधीच तापलेले. रामदासने शूरपणा दाखवायचं ठरवलं. त्याने एक कोरा कागद माझ्यात कोंबला, डोळे मिटून दांडे आवळले आणि कागद बाहेर काढला. कागदावर गोल गोल खुणा उमटल्या होत्या.

"साहेब!" तो कुजबुजला. "ठिपके छापतंय. गुप्त लिपी दिसते."

फौजदारांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला, उजेडाकडे धरला. "पहिलं अक्षर 'ब' वाटतंय," ते म्हणाले.

मंडळी, मी त्या क्षणी हसलो असतो. पण कमलच्या डोळ्यांत पाणी होतं. रात्रभर कोठडीत बसावं लागलं तर चाळ काय म्हणेल, गिरणीतली पाळी बुडेल, तिकडे बटाटे थंड होतील, हे सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला बोलता येत असतं तर मीच जबानी दिली असती.

बातमी नायगावला पोचली, तशीच काळाचौकीलाही. थोड्या वेळाने चौकीच्या दारात राधाबाई उभी राहिली. डोक्यावर उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं, त्यातून वाफ निघतेय. तिच्या मागोमाग धोंडू धापा टाकत आला, आणि त्याच्या खांद्याचा आधार घेत बकुळाआजी.

"कोण तो माझ्या सुनेक धरणारो?" आजीने चौकीत पाय टाकताच विचारलं. रामदास हवालदार कपाटाच्या बाजूला सरकला.

"सायेब," राधाबाई शांतपणे म्हणाली, "तुम्हाला यंत्राचा संशय हाय ना? मग चालवूनच बघा की. बटाटे मी आणलेत. सोललेले हायेत."

फौजदारांनी विचार केला. भुकेल्या माणसाला बटाट्याची वाफ दिसली की कायदा थोडा सैल होतो. "दाखवा चालवून. पण सावकाश!"

कमलने डोळे पुसले. बटाटा माझ्यात घातला. दोन्ही दांडे धरले. रामदासने कानांवर हात ठेवले. मी आयुष्यात इतक्या जिवाच्या कराराने कधी बटाटा चेपला नव्हता. माझ्या प्रत्येक भोकातून पांढरी शुभ्र धार निघाली आणि ताटात अलगद ढीग झाला.

"अरेच्चा," फौजदार म्हणाले.

राधाबाईने पदराच्या गाठीतून मीठ आणि हिरव्या मिरच्या काढल्या. मिरची बारीक तोडली, मीठ टाकलं, हाताने कालवलं. ती घरून तयारीनेच आली होती. फौजदारांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि मग पुरावा तपासण्याच्या नावाखाली अर्धं ताट संपवलं. रामदास कपाटाजवळून हळूच आला. "साहेब, मीपण तपासू?"

आजी बाकावर बसली होती. काळाचौकीपासून चालत आली होती, दमली होती. राधाबाईने एका वाटीत थोडा बटाटा घेतला, आजीपुढे नेला आणि थांबली. वाटी हातात, हात पुढे.  धोंडू उगाच भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागला.

आजीने वाटीकडे पाहिलं. मग राधाबाईच्या हातांकडे पाहिलं. त्या हातांना गरम बटाटे सोलून लाल चट्टे पडले होते.

आजीने वाटी घेतली. एक घास तोंडात टाकला. हिरड्यांत घोळवला. सगळी चौकी तिच्याकडे बघत होती.

"मीठ कमी आसा," आजी म्हणाली.

"व्हय, घाईत झालं," राधाबाई म्हणाली.

"आणि मिरची अशी नुसती घालूची नसता. वाटूची." आजीने वाटी पुसून रिकामी केली. "चल. तुझ्या घराक वरवंटो आसा ना गो? मसालो मी वाटतंय. ह्या पोरींक काय येणा नाय."

"आये," कमल हळूच म्हणाली, "थंय पाणीसुदा पिऊचा नाय म्हणालं होतंस."

"पाणी नाय पिऊचा म्हणालंय," आजी उठता उठता म्हणाली. "च्याय पितलंय."

फौजदारांनी आम्हाला सोडलं. टेबलावरून मला उचलून कमलच्या हातात देताना त्यांनी हळूच विचारलं, "हे रायसाहेब कुठं मिळतात हो? आमच्या घरी विचारतील."

त्या दिवशी नायगावच्या त्या खोलीत मी जेवढे बटाटे चेपले तेवढे साहेबाच्या अख्ख्या कारकिर्दीत चेपले नसतील. आजी पाट्यावर मसाला वाटत होती आणि राधाबाईला दर दोन मिनिटांनी चुका सांगत होती. राधाबाईही ऐकून घेणारी नव्हती. तीही आजीला चुका सांगत होती. कमल आणि भिवा आळीपाळीने माझे दांडे आवळत होते. दुसऱ्या दिवशी पार्कवर वडे अर्ध्या भाषणाच्या आत संपले. बंदोबस्तावर उभ्या असलेल्या एका आडव्या हवालदाराने दोनदा रांग लावली, असं भिवा सांगत होता.

त्यानंतर मी एका घरचा राहिलो नाही. काही महिने काळाचौकीला, काही नायगावला. आता माझं वय झालंय. कल्हई उडाली, एक दांडा वाकला. मधली खीळ तुटली तेव्हा भिवाने गिरणीतल्या फोरमनला विचारून मोडक्या मागाची एक खीळ आणून बसवली. तेव्हापासून आवळलं की मी 'कुई' करतो. पोरांना ते फार आवडतं. आजी गेल्या थंडीत गेली. तिच्या आजारपणात शेवटी शेवटी राधाबाईच तिला बटाटा भरवायची, आणि आजी शेवटपर्यंत मीठ कमी आहे म्हणायची.

आज चाळीत पताका लागल्यात. मुंबईसह महाराष्ट्र झाला म्हणे. सकाळपासून खाली ताशा वाजतोय आणि वर तीन स्टोव्ह एकदम पेटलेत. मला फार राजकारण कळत नाही. पण एक विनंती करतो. घरात माझ्यासारखं एखादं कुणी असेल, ज्याचा उपयोग कुणालाच ठाऊक नाही, त्याला भंगारात देऊ नका. थोडी वाट बघा. आणि त्याच्यात मोजे मात्र पिळू नका.

आणखी बोललो असतो. पण राधाबाईने पातेलं उतरवलंय, आणि बटाटा थंड झाला की चिकट होतो, मग माझं काही चालत नाही.

येतो मी. बटाटे गरम आहेत.