एंटर उडालेला कंप्युटर

मी कशेळ्याजवळच्या बौद्धवाडीतला, विहाराच्या बाजूच्या खोलीत राहणारा कंप्युटर बोलतोय, आणि आधीच सांगून ठेवतो, मी भंगार नाही. माझा पडदा पिवळट झालाय, पंखा खरखरतो, एंटर नावाची कळ तर जागेवरच नाही. तरीही नाही. ज्याला पटत नसेल त्याने खुशाल ठकूबाईशी वाद घालावा. मी अडवणार नाही.

पुस्तकात मला संगणक म्हणतात. लोक माझ्याकडे बघतात म्हणजे माझ्या पडद्याकडे बघतात. तोच पुसतात, दसऱ्याला हारही त्यालाच घालतात. अहो, पडदा हा माझा नुसता चेहरा. खरा मी टेबलाखालच्या काळ्या खोक्यात असतो. विचार करणारा मेंदू तिथे, सगळं लक्षात ठेवणारी हार्ड डिस्कही तिथेच. आणि त्या खोक्यावर लोक चपलेसकट पाय टेकून बसतात!

माझी उमेदीची वर्षं कुंभिवलीला गेली, हायवेलगतच्या एका कारखान्याच्या ऑफिसात. कुठला ट्रक आत आला, कुठला बाहेर गेला, याच्या पावत्या मी काढायचो. दशरथ नावाचे कारकून मला चालवायचे. मी हँग झालो की ते माझ्या डोक्यावर चापट मारायचे. हँग होणं म्हणजे एकाच वेळी फार कामं अंगावर पडली की जागच्या जागी थिजणं. अशा वेळी जरा दम धरावा, नाहीतर बंद करून पुन्हा चालू करावं. चापट खाऊन आजवर कुणाला काही सुचलेलं नाही, मला तरी कसं सुचणार?

पुढे तिथे नवी मशीनं आली आणि मला कोपरा दाखवला. त्याच ऑफिसात या वाडीतला प्रबुद्ध नुकताच कामाला लागला होता. त्याने साहेबांकडून मला मागून घेतलं आणि टेंपोतून वाडीत आणलं. खड्डे लागतील म्हणून माझा खोका त्याने सबंध वाट मांडीवर धरला होता. मी ते विसरलेलो नाही, म्हणूनच त्याने पुढे जे केलं ते मला फार लागलं.

विहाराच्या खोलीत बायकांसाठी कंप्युटरचा वर्ग सुरू झाला. शिकवायला मनाली, वाडीतलीच, कर्जतच्या कॉलेजात शिकलेली मुलगी. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसली ती ठकूबाई, प्रबुद्धची आजी. कशेळ्याच्या बाजारात रानभाज्या विकणारी. घरी तिने फोन हातात घेतला की प्रबुद्ध तो काढून घ्यायचा आणि म्हणायचा, "राहू दे आजी, तुला नाय कळायचं." म्हातारी फोन देऊन टाकायची. पण ते वाक्य तिच्या मनात सलत होतं.

मनाली म्हणाली, काम झालं की आधी सेव्ह करायचं, विसरायचं नाही. दुसऱ्या दिवशी ठकूबाई बाजारातून शेवेचा पुडा घेऊन हजर. बाकीच्या पोट धरून हसल्या, मग सगळ्यांनी मिळून शेव खाल्ली, थोडी माझ्या कळांच्या फटीतही गेली. पण त्या वर्गात त्यानंतर कुणी सेव्ह करायला विसरलं नाही. लिहिलेलं सेव्ह केलं नाही, तर दिवे जाताच ते पुसलं जातं. सेव्ह केलं की माझ्या पोटात राहतं, मग मला महिनाभर बंद ठेवा.

फाईल म्हणजे भाजीची जुडी आणि फोल्डर म्हणजे टोपली, हे ठकूबाईने आपलं आपण ठरवलं. ब्राउझर म्हणजे कशेळ्याच्या नाक्यावरची जीप. कुठे जायचं तो पत्ता सांगायचा, मग ती तिथे नेते. पासवर्ड म्हणजे किल्ली, ती कुणाला द्यायची नाही, हेही तिला पटलं. तिने आपला पासवर्ड शेळीच्या नावावरून ठेवला आणि तो वर्गात सगळ्यांना मोठ्याने सांगून, वर कुणाला सांगू नका म्हणाली.

आता माझ्या एंटरची गोष्ट. वाडीतलं इंटरनेट सारखं तुटायचं. एकदा ते असंच गेलं तेव्हा मनाली म्हणाली, "आजी, परत नेट लावा." ठकूबाईने आयुष्यभर नेट लावूनच सगळं केलेलं. तिने पदर खोचला, ओठ आवळले आणि अंगठ्याचा सगळा जोर एंटरवर दिला. कळ ताडकन उडाली ती समोरच्या बाईच्या ओटीत. मनाली हसता हसता खालीच बसली.

ठकूबाई मात्र हसली नाही. "तूच म्हणलीस गं, नेट लाव," ती म्हणाली.

त्या दिवसापासून एंटरच्या जागी एक रबरी बोंडच उरलंय. बोट टेकून दाबलं की चालतं. मला त्याचा राग नाही. चापटीपेक्षा ते बरं.

मग मनालीला खोपोलीकडे नोकरी लागली आणि वर्ग थांबला. इंटरनेटही बंद करून टाकलं. माझ्यावर जुनी चादर पडली. विहाराच्या कमिटीला खुर्च्या ठेवायला खोली हवी होती, आणि कमिटीचा सेक्रेटरी होता प्रबुद्ध. त्यानेच भंगारवाल्या मोरूला बोलावलं. माझ्या वायरी उपटल्या, पडदा एका बाजूला, खोका एका बाजूला, असा मला टेंपोत टाकला. या वेळी मांडी नव्हती, पत्राच होता.

तेवढ्यात रिकामी टोपली घेऊन ठकूबाई बाजारातून आली.

"कुठं चालवलाय रं ह्याला?"

प्रबुद्धने समजावून सांगितलं. शिकवणारी गेली, एंटर तुटलाय, आता सगळ्यांकडे मोबाईल आहेत, याचा उपयोग काय?

"शिकवणारी मी हाय," ठकूबाई म्हणाली.

प्रबुद्ध हसला. दुष्ट नाही तो, सवयीने हसला. म्हणाला, "बरं, मग इंटरनेट म्हंजे काय, सांग."

"ह्यो कंप्युटर घर, आन् इंटरनेट रस्ता. रस्ता बंद पडला म्हणून आपल्या घरची चूल बंद पडती का? आत लिवता येतं, ठेवता येतं, ठेवल्यालं काढता येतं."

"आणि त्या रस्त्यानं फोटो कसा येतो? तारेतून?"

ठकूबाईने रिकाम्या टोपलीत बघितलं. मला वाटलं, संपलं. पण ती शांतपणे म्हणाली, "त्ये नाय मला ठावं. मनालीला फोन करून इचारीन. येतं तेवढं तर शिकवू दे."

"अगं आजी, ह्याला नेट नाय."

"ह्याला नसू दे. मला हाय."

एवढं बोलून तिने टोपली टेंपोत टाकली, पाठोपाठ स्वतः चढली आणि माझ्या खोक्याला टेकून बसली. न्यायचं तर दोघांना न्या म्हणाली. मोरूने एकदा प्रबुद्धकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि इंजिन बंद केलं. विहाराच्या पायरीवर वर्गातल्या दोघीतिघी येऊन उभ्या राहिल्या.

प्रबुद्धने पायरीवरच्या बायकांकडे बघितलं. मग तोही टेंपोत चढला. "आजी, सरक जरा," म्हणाला आणि माझा खोका छातीशी धरून त्याने खाली उतरवला. त्या क्षणी मी त्याला माफ केलं. सगळं नाही, बरंचसं.

आता खुर्च्या माझ्या भोवतीच रचलेल्या असतात आणि अडचणीतच वर्ग भरतो. ठकूबाई निम्मे शब्द चुकीचे उच्चारते आणि शिकणाऱ्यांना बिनदिक्कत रागावते. अडलं की मनालीला फोन लावते. कधी प्रबुद्ध आपल्या मोबाईलवरून मला इंटरनेट देतो, कधी त्याला वेळ नसतो. आमचं अडत नाही. "तुला नाय कळायचं" हे वाक्य मात्र या खोलीत बोलायला बंदी आहे, आणि पहिली बंदी प्रबुद्धवर आहे.

माझा पंखा किती दिवस फिरेल ते मला माहीत नाही. बंद पडेन तेव्हा पडेन, पण कुणी टाकून दिलं म्हणून पडणार नाही. ज्याला शिकायचंय त्याने यावं, वय विचारणारं इथे कुणी नाही. चपला बाहेर काढा, माझ्या खोक्यावर पाय ठेवू नका, आणि एंटर तेवढा नेट लावून दाबा.