दुसरी घंटा

अख्ख्या गाम्बियात मत म्हणजे एक गोटी. एकट्यानं आत जायचं, आपल्या उमेदवाराच्या रंगाच्या पिंपात ती टाकायची. पिंपातली घंटा वाजते आणि बाहेरची रांग कान टवकारून ऐकते. एकदा वाजली तर ठीक, दोनदा वाजली तर आतला चोर! म्हणूनच मतदानाच्या दिवशी केंद्राच्या शाळेजवळ घंटीवाल्या सायकलीला बंदी असते.

राष्ट्राध्यक्ष निवडायचा होता. जांभळ्या पक्षानं घरोघर तांदळाची पोती उतरवली. माझा थोरला भाऊ केकुता, आमचा कोतो, झाडाखाली उभा राहून म्हणाला, "भात खुशाल खा, गोटी पांढऱ्यात टाका!" सगळा गाव हसला. पोती वाटणारा सांकुंग तेवढा हसला नाही.

मतदानादिवशी कोतो आत गेला. मी रांगेपाशी शेंगा विकत होते. टण्ण. आणि लगेच ट्रिंग!

"दोनदा वाजली!" वर्गामागून सांकुंग ओरडत आला. "चोर आहे!"

कोतो हसतच दारात आला आणि पहिला दांडका त्याच्या कानशिलात बसला. दुसरा गुडघ्यावर. तो कोसळला. मग काय, जो तो हात धुऊन घ्यायला धावला. शेजारच्या तेनेंगकाकूनं तर घरून मुसळ आणलं. एकुलता एक पोलीस "माणसं आणतो" म्हणत पळाला तो पळालाच.

पण दुसरा आवाज पिंपाचा नव्हताच! पातळ, उघड्यावरचा होता. मी वर्गामागे धावले. गवताखाली सांकुंगची सायकल! ती ओढत आणून मी सरळ गर्दीत घुसवली आणि घंटी वाजवली. ट्रिंग!

हात थांबले. मग सगळे सांकुंगकडे वळले.

त्याची बोटं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. खरं सांगते, मस्त वाटलं. पण रक्तानं माखलेल्या कोतोनं माझा घोटा धरला. "थांबव त्यांना, नियिमा."

"कशाला? मरू दे ना मेल्याला!"

"अगं, खून झाला तर केंद्र बंद होईल. गावाची सगळी पांढरी मतं बुडतील. सांकुंगला हेच तर हवंय."

मी घंटी वाजवली, वाजवत राहिले. कुणी ढुंकूनही बघेना. शेवटी सायकलीसकट सांकुंगच्या अंगावर पडले. मुसळ माझ्या खांद्यावर आलं. कट्ट!

"अगोबाई, पोरगी!" तेनेंगकाकू मागे सरली.

शाळेची वादविवाद स्पर्धा जिंकल्यापासून माझा आवाज गावाला ठाऊक आहे. तेवढ्याच आवाजात ओरडले, "रांग कुठाय? लागा रांगेत!"

आणि लागले की! रक्ताळलेल्या हातांनी गोट्या घेतल्या. सांकुंगचं मत राहिलं होतं. दोघांनी त्याला दारापर्यंत धरून नेलं, आत तो एकटाच खुरडत गेला. बाहेर रांगेनं कान टवकारले.

टण्ण.

एकदाच.